ट्रंकेतली हिरवी इरकल

अक्का,

तुझ्या ट्रंकेची किल्ली आता माझ्याकडे आहे. तेराव्याच्या पंगती उठल्यावर तुझ्या धाकट्या भावानं, ज्याला सगळी बसवनगुडी अण्णा म्हणते त्यानं, मला बाजूला बोलावून ती हातावर ठेवली. "अक्काच्या कमरेला होती बघा ही," अण्णा म्हणाले. "घरातल्या सगळ्या कुलपांना लावून बघितली. कुठंच लागत नाही. तुमच्या तिकडची असणार की." तुमच्या तिकडची म्हणजे इस्पितळातली. बहिणीची सगळी नोकरी तिथं गेली, पण वेड्यांच्या इस्पितळाचं नाव काही अण्णांच्या तोंडून शेवटपर्यंत निघालं नाही. तू असतीस तर तोंडाला पदर लावून हसली असतीस. मला हसू आलं नाही. मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरी आले.

तुझा जन्म कुठला, शिक्षण काय, परदेशात कुठं गेलीस, हे सगळं वर्तमानपत्रात आलं आहे. ते मी पुन्हा लिहीत नाही. मासिकाच्या संपादकांना मात्र माझ्याकडून काहीतरी हवं आहे. त्यांनी कळवलंय की अक्कांच्या सदराला साजेसा, वाचकांना उभारी देणारा लेख पाठवा, आणि जमल्यास सदर पुढे तुम्हीच चालवा. आता ह्यांना कोण सांगणार, की आपल्या दोघींत उभारीचं खातं तुझं होतं. माझ्याकडे फक्त शुद्धलेखन होतं.

शनिवारी दुपारी आपल्या दोघी डॉक्टरांची वॉर्डातली फेरी आटोपली की आपण तुझ्या खोलीत सदर लिहायला बसायचो. तू भुईमुगाच्या शेंगा फोडत सांगायचीस आणि मी लिहायची. तुमचे पूर्वज कधीकाळी कुठल्याशा फौजेबरोबर इकडे उतरले ते परत गेलेच नाहीत, आणि तुमच्या मराठीत तेव्हापासून कन्नड मुरत राहिलं. तू म्हणायचीस, "ती बाई सुम्मने बसून राहायची बघ, कुणी बोललं तर स्वल्प हसायची." मी लिहायची, 'ती नुसती बसून असे, कुणी बोललं तर किंचित हसे.' वाचून दाखवलं की तू मान हलवायचीस. "सरी, ठीक आहे. माझं बोलणं इस्त्री करून दिलंस की गं. आता मलाच चढवायला भीती वाटते." पहिल्या महिन्यात मी तुला अहो-जाहो करत होते. तू म्हणालीस, अक्काला कुणी तुम्ही म्हणतं का, पुणेकरीण? मी पुण्याची नव्हे, साताऱ्याची, हे मी तुला किती वेळा सांगितलं. तुला वरचं सगळं पुणेच वाटायचं.

लोक पत्रांतून काय काय विचारायचे तुला. झोप का येत नाही, मुलगा बोलत का नाही, सासूच्या अंगात येतं ते खरं की सोंग, नवरा चांगला असूनही रडू का येतं. तू कुणालाही उपदेश केला नाहीस. एखाद्या माणसाची गोष्ट सांगायचीस, इस्पितळात आलेल्या, आणि वाचणाऱ्याला वाटायचं की अरे, हे तर माझ्यासारखंच आहे, आणि हे बरंही होतं. त्या गोष्टींत तुझा एकच कडक नियम होता. नाव, गाव, वय, धंदा, सगळं बदलायचं. कधी कधी तू पुरुषाची बाई करायचीस. "माणूस ओळखू आला तर आपण चोर," तू म्हणायचीस. "त्यानं विश्वासानं दिलेलं आपण बाजारात मांडलं, असं होईल."

आणि दुसरा नियम ट्रंकेचा. रोग्याला दाखल केलं की इस्पितळाचे कपडे मिळायचे आणि घरचे कपडे नातेवाईक गुंडाळून परत न्यायचे. तू त्यांना फाटकापाशी गाठायचीस. "एक जोड इथं ठेवून जा. घरी जाताना लागेल." बाकीचे डॉक्टर चेष्टा करायचे, अक्कानं बोहारणीचा धंदा काढलाय म्हणायचे. मलाही पहिल्यांदा ते वेडच वाटलं. मग तू मला सांगितलंस की तो कपडा रोग्यासाठी नसतो, सोडून जाणाऱ्यासाठी असतो. त्याच्या कानावर 'घरी जाताना' हे शब्द त्याच दिवशी पडले पाहिजेत, कारण उद्यापासून तो विसरायला लागणार. इतकं साधं आणि इतकं खरं मी कुठल्याही पुस्तकात वाचलेलं नाही.

बरेचसे कपडे निघून जायचे. जे राहायचे ते ट्रंकेत राहायचे. "राहू दे," तू म्हणायचीस, "न्यायला येईल कुणीतरी." दर माघात आपण ते मागच्या अंगणात दोरीवर टाकायचो आणि लिंबाचा पाला घालून परत भरायचो. सुती कपड्यांचं काही नाही, पण रेशमी साडी तू कधी जुन्या घडीवर ठेवू दिली नाहीस. एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवलं की रेशीम तिथंच चिरतं, म्हणून घडी बदलायची. दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. एकदा मी वैतागून म्हटलं, "घडी बदलली की साडी टिकेल हो, पण नेसणार कोण?" तू तुझ्याकडची टोकं माझ्या हातातल्या टोकांना आणून लावलीस आणि म्हणालीस, "टिकली तर नेसेल." आपलं भांडण एवढंच होतं, अक्का. मग ते इतकी वर्षं चाललं.

इंदूची साडी त्यातलीच. अस्सल रेशमी इरकल, हिरवीगार, लाल काठाची. ती आणली तिच्या नवऱ्यानं, निपाणीहून, कापडी पिशवीतून. मूल जन्मतःच गेल्यापासून इंदू बोलत नव्हती, खात नव्हती, विहिरीपाशी जाऊन बसायची. त्याची तंबाखूची वखार होती. माणूस सभ्य, हळू बोलणारा. तू घरचा जोड मागितलास तेव्हा त्यानं ही साडी स्वतःच्या हातानं काढून दिली आणि उलगडून दाखवली. निऱ्यांच्या जागी उदबत्तीनं पडलेलं भोक होतं, आणि त्यावर निळ्या दोऱ्याचं रफू. "घरात हिरवा दोरा नव्हता," तो म्हणाला. "सत्यनारायणाच्या दिवशी जळली. आई ओरडेल म्हणून हिनं घाईनं निळ्यानंच शिवली. मला तेवढी दाखवली." मग त्यानं डोळे पुसले. जाताना म्हणाला की तुमचं सदर आमच्या घरी येतं, मी पहिल्यांदा तेच वाचतो.

इंदूला बरं तू केलंस. नव्या गोळ्या आल्या होत्या, त्यांचाही हात होता, पण गोळ्या सगळ्याच जणी घेत होत्या. तू रोज तिच्यासमोर अवरेकाईच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगांनी भरलेलं सूप घेऊन बसायचीस आणि सोलायचीस. काही विचारायची नाहीस. कितीतरी दिवस असेच गेले. मग एका सकाळी तिनं सूप स्वतःकडे ओढलं आणि म्हणाली, "निम्मे दाणे किडके घेतलेत तुम्ही." तू धावत मला सांगायला आलीस. त्या दिवाळीपर्यंत इंदू वॉर्डातल्या सगळ्यांच्या वेण्या घालत होती, मला माझ्या साड्यांवरून टोमणे मारत होती. ती बरी झाली होती. हे मला ठामपणे लिहून ठेवायचं आहे, कारण पुढचं सगळं बघितल्यावर लोक म्हणतात की ती कधी बरी झालीच नसेल.

न्यायला कुणी आलं नाही. आपण पत्र लिहिलं की तिच्या नवऱ्याचं उत्तर दर वेळी यायचं आणि दर वेळी नम्र असायचं. हंगाम चालू आहे. आईला बरं नाही. पुढल्या महिन्यात नक्की. नातेवाइकाच्या सहीशिवाय सोडायचं नाही असा कायदा, आणि सही करणारा पुढल्या महिन्यात. तेव्हा तुझ्या डोक्यात ते आलं. "आपण तिचं लिहू," तू म्हणालीस. "तो वाचतो. वाचेल, त्याच्या पोटात तुटेल, आणि येईल."

ह्या एका माणसासाठी लिहिलेला तुझा तो लेख. नियम मात्र तू मोडला नाहीस. इंदूची शांता झाली, निपाणीची मिरज झाली, वखारवाल्याचा शाळामास्तर झाला. मेलेल्या मुलाऐवजी मेलेली बहीण आली. साडीसुद्धा जांभळी झाली आणि रफू गेलं. शेवटी तू सांगितलंस, 'शांतानं आपली जांभळी साडी नेसली आणि ती घरी गेली.' माझा हात थांबला. मी म्हटलं, अक्का, हे झालेलं नाही. तू म्हणालीस, "होणार आहे ते स्वल्प आधी लिहिलं, एवढंच. लिही."

मी लिहिलं. तो लेख सगळ्यांना सगळ्यांत जास्त आवडला. तो अंक हातात घेऊन माणसं आली, कोल्हापूरकडून, सोलापूरकडून, आपापलं माणूस घेऊन. एक आई आली होती, मुलाच्या मनगटाला सुती दोरी बांधून. "ती मिरजेची शांता बरी होऊन घरी गेली ना, तसा हा जाईल ना हो?" तिनं विचारलं. "जाईल," तू म्हणालीस. इंदू तेव्हा व्हरांड्यात केर काढत होती. तिनं त्या बाईला केरसुणी थांबवून वाट दिली.

इंदूचा नवरा मात्र आला नाही. तेव्हा आपणच गेलो. बेळगावपर्यंत आगगाडी, पुढे बस. तू सगळ्या वाटेत बोलण्याची तयारी करत होतीस, कुठं कडक व्हायचं, कुठं मऊ. त्यानं आपलं स्वागत चांगलं केलं. चहा आला, शंकरपाळे आले. आई आतल्या दारात पडद्याआड उभी होती. फडताळात मासिकाचे अंक ओळीनं लावलेले. तू अजून विषय काढायची होतीस, तेवढ्यात तोच म्हणाला, "बाई, तुमचा तो शांतेचा लेख वाचून मला रडू आलं. आईलाही वाचून दाखवला. नशीबवान त्या मास्तराची बायको. बरी झाली, घरी गेली." मग खाली बघून म्हणाला, "आमच्या हिचं काही तसं होण्यातलं नाही. तसं असतं तर तुम्ही तिचंच नसतं का लिहिलं?"

तू सांगू शकत होतीस की अरे बाबा, ती शांता म्हणजे तुझीच बायको. मी तुझ्याकडे बघत होते, आता सांगशील म्हणून. पण मग शेवट खोटा पडला असता, घरी कुणी गेलेलंच नव्हतं, आणि शेवट खोटा तर बरं होणंही खोटं, असंच त्यानं धरलं असतं. शेवटी तू म्हणालीस, इंदूही बरी आहे, घेऊन जा. तो म्हणाला, तुम्ही चांगल्या मनाच्या आहात म्हणून म्हणता. आतून पडदा हलला. त्यानं विचारलं, तिला तिथं काही कमी पडत नाही ना? रागावावं असाही तो माणूस नव्हता. तसा असता तर बरं झालं असतं.

परतीची बस घाट उतरली. मग तू म्हणालीस, "लेखात साडी तशीच ठेवायला हवी होती गं."

इंदूनं पुढची होळी पाहिली, श्रावण पाहिला. तिला ठाऊक होतं आपण कुठं जाऊन आलो ते. तिनं काही विचारलं नाही, तेव्हाच मला कळायला हवं होतं. आधी तिनं दुसऱ्यांच्या वेण्या घालायचं सोडलं, मग स्वतःची. मग एक दिवस ती परत पहिल्यासारखी गप्प झाली, आणि ह्या वेळी शेंगांचं सूप तिच्यापुढे तसंच पडून राहिलं. गोळ्या बदलल्या, विजेचे झटके दिले, सगळं केलं. पहिल्या खेपेला जे होतं ते दुःख होतं आणि दुःखावर काहीतरी चालतं. बऱ्या झालेल्या माणसाला वाट बघत बसवलं, तर त्यावर आपल्याकडे काही नाही. अजूनही नाही. आता ती कधीमधी बोलते, कामही करते, पण कोण कुठली, हे तिला सांगता येत नाही.

तेव्हापासून मी तुझ्या मागे लागले होते की एकदा तरी खरा शेवट लिही. लिही की बरी होऊनही माणसं इथंच राहतात. तू म्हणायचीस, "खरा शेवट वाचून इकडचं तिकीट कोण काढेल?" मागल्या माघात घडी बदलताना मी तुला म्हटलं, "तुझा शेवट वाचून तरी त्यानं काढलं का?" मला आजही त्या वाक्याचं वाईट वाटत नाही, कारण ते खरं होतं. तू साडी ट्रंकेत ठेवलीस, झाकण लावलंस आणि म्हणालीस, "ह्याच्यावर पुढल्या माघात बोलू. आता कॉफी पाज." ह्या संक्रांतीच्या आधी तू गेलीस. सकाळी न्हाणीघरात, कुणाला हाक न मारता.

तू बरोबर होतीस असं मला अजून वाटत नाही. पण माझे वडील गेल्याची तार आली होती तेव्हा तू चामराजपेठेतल्या माझ्या खोलीवर आली होतीस, एळ्ळु-बेल्लची पुडी घेऊन. तेव्हाही संक्रांतच होती. इतक्या लोकांना इतकं समजावणारी बाई, त्या दिवशी तू एक वाक्य बोलली नाहीस. माझी खरकटी भांडी घासलीस, पाणी भरलंस, आणि तीळगूळ काढून माझ्या हातावर ठेवून मी खाईपर्यंत समोर बसून राहिलीस. मला इतकं ओळखणारं माणूस ह्या गावात आता उरलेलं नाही. सदर कुणीही चालवेल. ते बसणं कोण बसेल?

म्हणून संपादकांना मी उभारीचा लेख न पाठवता हेच पाठवते आहे. तू शिकवलंस तसं नाव बदललं आहे. इंदूचं नाव इंदू नाही, निपाणीही निपाणी नाही, आणि तंबाखूची वखार दुसऱ्याच कशाची तरी आहे. साडी मात्र बदललेली नाही. हिरवी इरकल, निऱ्यांच्या जागी उदबत्तीचं भोक, त्यावर निळ्या दोऱ्याचं रफू. मासिक त्या घरी अजून जातं. वाचणारा वाचेल. त्यानं काही होईल असं मला वाटत नाही, आणि तो आला तरी न्यायला आता काय उरलं आहे, तेही मला सांगता येत नाही. तुला आशा वाटली असती म्हणून लिहिलं.

आज माघातलं पहिलं खणखणीत ऊन पडलं. मी ट्रंक उघडली. कोरमंगलाच्या तळ्याकडून वारा येत होता, दोरीवरचे कपडे उडत होते, आणि घडी बदलायला दुसरं माणूस नव्हतं. इंदू भिंतीला टेकून उन्हात बसली होती. मी तिला हाक मारली. ती उठून आली आणि न सांगता साडीची दोन टोकं धरली, अगदी सराईतपणे, बायका धरतात तशी. आम्ही ती ताणली. तिची नजर रफूवर गेली. तिनं त्यावरून बोट फिरवलं.

"निळा दोरा कुणी घातला हिरव्यावर?" ती म्हणाली. "कुणाची आहे ही?"

खरं ते सांगून टाकावं असं मनात आलं. मी इतकी वर्षं तुझ्याशी ज्याच्यावरून भांडले ते सगळं.

"एका बाईची," मी म्हटलं.

"कुठं आहे ती?"

"घरी गेली."

इंदूला ते पटलेलं दिसलं. तिनं तिच्याकडची टोकं माझ्या हातातल्या टोकांना आणून लावली, तू लावायचीस तशी, आणि साडी माझ्या हातात दिली. मग जरा थांबून म्हणाली, "साडी विसरली की मग. नीट ठेवा हं. न्यायला येईल कुणीतरी."

मी साडी नव्या घडीवर ट्रंकेत ठेवली, वर लिंबाचा पाला घातला आणि कुलूप लावलं. किल्ली माझ्या कमरेला आहे, अक्का.